शिवारफेरीला कोण कोण हवं?



गावात पाणलोटाची कामं येणार म्हटलं, की पहिली मागणी सिमेंटच्या बंधाऱ्याची होते. बंधाऱ्यात पाणी तुंबलेलं डोळ्यांना दिसतं, शेजारच्या विहिरींना पाझर लागतो. पण वरचा माळ उघडा राहिला, तर तो बंधारा गाळानंच भरून जातो. म्हणून काम माथ्याकडून पायथ्याकडे न्यायचं : आधी उतारावर सलग समतल चर, मग ओघळींत अनघड दगडी बांध, शेतात बांधबंदिस्ती आणि शेवटी नाल्यावरची कामं.

हा क्रम बहुतेकांना पटतो. अडचण पुढं येते. माथ्यावर बहुधा गायरान असतं, मुरमाड जमीन असते. चर खोदून चराईबंदी केली, की शेळ्या राखणाऱ्याला आणि भूमिहीनाला त्याची पहिली झळ बसते. पाणी वाढतं ते खालच्या विहिरींचं. मग कामं ठरवायला शिवारफेरी निघते, म्हणजे सगळं शिवार पायी फिरून पाहिलं जातं, तेव्हा शेळीवाला नको का? माझ्या मते तो सगळ्यांत आधी हवा. गायरानाचा कोणता तुकडा यंदा राखायचा आणि कोणता पुढल्या वर्षी, हे त्याच्याइतकं नेमकं कोण सांगणार?

१९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली. तिथं पाण्याचा वाटा घरातल्या माणसांवर ठरला : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा होता, आणि उसाला त्यातून पाणी नव्हतं. वाटा आधी ठरला, की माथ्यावरचा माणूसही चर जपतो. हिवरे बाजार या गावाची ग्रामसभा पावसाचा हिशेब मांडून पिकं ठरवते, तेही याच वाटेनं.

काळ्या जमिनीचं आणखी वेगळं. तिथं बांधाला सांडवा नसेल, तर पाणी साचून पीक पिवळं पडतं आणि शेतकरी स्वतःच बांध फोडतो. सांडवा कुणाच्या शेतात उतरणार, हे दोन्ही शेजाऱ्यांनी बांधावर उभं राहून ठरवायला हवं.

तेव्हा माझी विनंती आहे : एक तरी शिवारफेरी भर पावसाळ्यात काढा, पाणी वाहताना दिसेल अशी. पाणी भरणाऱ्या बाया, गुराखी बरोबर घ्या. ग्रामसभा संध्याकाळी ठेवा, म्हणजे कुणाची मजुरी बुडणार नाही. आणि कामांची यादी मंजूर करण्याआधी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवा.