उतारवयांत समुद्राकांठीं

नांदगांव हें नाशिक जिल्ह्याच्या पूर्वभागांतलें, मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचें तालुक्याचें गांव. पश्चिमेकडून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावर बहुतेक रिते होतात आणि जें उरतें तें या बाजूच्या वांट्यास येतें. कोंकणपट्टींत वर्षाकांठीं ३००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. त्याचा पांचवा हिस्सा नांदगांवीं पडला तर वर्ष बरें गेलें असें समजावयाचें. गिरणेचें मोठें धरण याच तालुक्यांत असलें, तरी उन्हाळ्यांत घागर मोजून पाणी वापरण्याची संवय येथील जुन्या घरांतून गेलेली नाहीं. असा कोरडा मुलूख ज्यानें जन्मभर पाहिला, त्याला उतारवयांत समुद्राची ओढ लागावी यांत नवल तें काय?

अशा एका घराचें चित्र क्षणभर डोळ्यांसमोर आणावें. घर काल्पनिक आहे, पण त्यांतला पेंच हल्लीं पुष्कळ घरांत खरा आहे. गृहस्थाचें वय बासष्ट. व्यवसाय बाजारपेठेंतील व्यापाऱ्यांचे जमाखर्च लिहिण्याचा व त्यांचीं करविवरणपत्रें भरून देण्याचा. मुलगा पुण्यास नोकरीवर, मुलगी सासरीं सुखांत. पत्नीस रक्तदाबाची व्यथा. गृहस्थानें मनाशीं ठरविलें आहे कीं, निम्मीं कामें आतां दुसऱ्यास सोंपवावीं, निम्मीं संगणकावरून बसल्या जागीं करावीं, आणि पुढचे दिवस समुद्राच्या कांठीं काढावे. एकदां डिसेंबरांत उभयतां गणपतिपुळ्यास जाऊन आलीं होतीं. तेथली निळाई आणि संध्याकाळची झुळूक त्यांच्या मनांतून जात नाहीं. प्रश्न एवढाच उरला आहे, कीं जावयाचें तें कोणत्या गांवीं?

कोंकणांतला माणूस मुंबईस जाऊन चाकरी करतो आणि म्हातारपणीं परत गांवाकडे वळतो, ही रीत फार जुनी आहे. पण तो परततो तो आपल्या घरीं. तेथें त्याचें देवघर असतें, भाऊबंद असतात. भांडावयाचें म्हटलें तरी हक्काचें माणूस असतें. घाटावरचा मनुष्य जेव्हां साठीनंतर समुद्राकांठीं जातो, तेव्हां तो परतत नसतो, नव्यानें जात असतो. ज्या वयांत ओळखी कमी होत जातात, त्याच वयांत त्याला त्या नव्यानें जोडावयाच्या असतात. दोन्ही गोष्टी वरून सारख्या दिसल्या तरी त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि गांव निवडतांना तो विसरून चालत नाहीं.

पहिली फसगत होते ती ऋतूची. डिसेंबरांतला समुद्र हा पाहुण्यापुढें नटूनथटून आलेल्या यजमानासारखा असतो. घरची खरी रीत पाहावयाची तर ज्येष्ठ-आषाढांत जावें लागतें. १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांना मासेमारीची बंदी असते. होड्या शाकारून वर ओढलेल्या, किनाऱ्यावरचीं दुकानें बंद, पाहुणे परागंदा. कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहींत, पुस्तकांना बुरशी येते, खाऱ्या हवेनें कड्याकोयंड्यांना गंज चढतो. वाऱ्यानें झाड पडलें कीं वीज जाते, आणि तिच्या पाठोपाठ मोबाइलहि मुका होतो. जमाखर्च लिहिणाऱ्याला हें परवडावयाचें नाहीं, कारण करविवरणपत्रांची घाई नेमकी पावसाळ्यांतच असते. शिवाय समुद्राचा कोप निराळाच. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां श्रीवर्धन-दिवेआगरापासून दापोली-मंडणगडापर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून फळ धरावयास पांच-सात वर्षें लागतात. तरुणाला तेवढा धीर धरवतो. साठी उलटलेल्यानें बागेच्या उत्पन्नावर भिस्त ठेवण्यापूर्वीं हा हिशेब मांडावा.

दुसरी फसगत पाण्याची. नांदगांवचा मनुष्य कोंकणांतला पाऊस पाहून निश्चिंत होतो. जेथें आभाळ असें फाटतें तेथें पाण्याची ददात कसली, असें त्यास वाटतें. परंतु कोंकणची भूमि सच्छिद्र जांभ्याची आणि उतार समुद्राकडचा. पडलेलें पाणी मुरून झऱ्यांवाटे वाहून जातें, नाहींतर ओढ्यांनीं धांवत खाडीस मिळतें. मग चैत्र-वैशाखांत अनेक वाड्यांवर विहिरींचा तळ दिसूं लागतो आणि टँकरची वाट पाहावी लागते. किनाऱ्यालगतच्या कांहीं विहिरी त्या दिवसांत मचूळ होतात, हें आणखी एक. म्हणून घर पाहावयास जाणाऱ्यानें दोन वेळां जावें: एकदां जुलैमध्यें छप्पर पाहावयास आणि एकदां मेमध्यें विहीर पाहावयास. दोन्ही वेळां जें घर पसंत पडेल तेंच पसंत पडलें असें धरावें.

तिसरी गोष्ट कागदाची. महाराष्ट्रांत जो शेतकरी नाहीं त्याला सरकारी परवानगीवांचून शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. १९४८ च्या कुळकायद्यापासूनचा हा निर्बंध आहे. नांदगांवच्या गृहस्थाच्या नांवें वडिलार्जित चार बिघे जमीन असेल तर सातबारा दाखवून त्याची वाट मोकळी होईल. नसेल तर त्यानें आंबराईच्या जाहिरातींकडे पाहूंच नये. भरतीरेषेजवळच्या पट्ट्यांत बांधकामावर १९९१ पासून निर्बंध आहेत व ते वेळोवेळीं बदललेहि आहेत. 'खिडकींतून लाटा दिसतात' असें विकणारा सांगूं लागला कीं आधीं परवानगीचा कागद मागावा. त्यांतून कोंकणांतल्या एकेका सातबाऱ्यावर दहा-दहा, वीस-वीस वारसांचीं नांवें असतात. त्यांतला एक मुंबईस, एक बडोद्यास. एकाची सही राहिली तरी व्यवहार लोंबकळत राहतो.

आतां गांवांकडे वळूं. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर नांदगांवास सर्वांत जवळचा किनारा डहाणूचा. नाशिक, त्र्यंबक, जव्हार असें उतरत गेलें कीं घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या लागतात. डहाणूहून मुंबईस लोकलगाड्या आहेत, ही मोठीच सोय. परंतु डहाणू-तलासरी भागास नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे लहान लहान धक्के बसत आले आहेत, आणि जवळच वाढवण येथें प्रचंड बंदर बांधण्यास २०२४ सालीं मंजुरी मिळाली आहे. ज्यास निवांतपणा हवा त्यानें दहा वर्षांनंतरच्या डहाणूचें चित्र मनांत आणून मग ठरवावें. अलिबागेस मांडव्याहून मुंबईची वाट समुद्रावरून जवळची. पण त्या जवळिकीमुळेंच मुंबईच्या धनिकांनीं तेथले भाव चढवून ठेवले आहेत. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० फूट उंच, हवेनें थंड. ब्रिटिश अमदानींत तेथें लष्करी छावणी होती, म्हणून 'कॅम्प दापोली' हें नांव अजून लोकांच्या तोंडीं आहे. १९७२ पासून तेथें कृषिविद्यापीठ असल्यामुळें शिकलेल्या माणसांची वस्ती आहे, आणि कर्दें-मुरुडचा समुद्र घटकाभराच्या वाटेवर. मात्र दापोलीस रेल्वे नाहीं. खेडला उतरून डोंगर चढावा लागतो. मालवण, वेंगुर्लें यांचा किनारा देखणा व माणसें बोलकीं, पण पुण्याच्या मुलाला अर्ध्या रात्रीं निघावें लागलें तर तें अंतर फार. राहतां राहिली रत्नागिरी. जिल्ह्याचें मुख्य गांव. सरकारी रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय, वाचनालय, नाट्यगृह, सारें हाताशीं. १९९८ सालीं कोंकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाल्यापासून मनमाडास मंगला एक्सप्रेसमध्यें बसावें आणि गाडी न बदलतां रत्नागिरीस उतरावें. मनमाड नांदगांवाहून अवघें २६ किलोमीटर.

रत्नागिरीचीच एक हकीकत या प्रसंगीं आठवण्याजोगी आहे. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनीं पदच्युत करून १८८६ सालीं तेथें आणून ठेवलें. समुद्र आणि खाडी दिसेल अशा टेकाडावर त्याच्यासाठीं राजवाडा बांधला. तो १९१० मध्यें पुरा झाला. समुद्राचें याहून चांगलें दर्शन गांवांत क्वचितच कोणाला लाभलें असेल. पण १९१६ सालीं मरेपर्यंत राजा तेथें परकाच राहिला. कैद्याला देखाव्याचें काय सुख? उलट त्याची एक नात त्याच रत्नागिरींत साध्या वस्तींत संसार करीत, मराठी बोलत, शेजाऱ्यापाजाऱ्यांत मिसळून म्हातारी झाली आणि तेथेंच वारली. आजा वाड्यांत राहून परका, नात झोंपडीवजा घरांत राहून गांवची. कैदेची गोष्ट वेगळी हें खरें. तरी गांव आपलें होतें तें देखाव्यानें होत नाहीं, दाराशीं येणाऱ्या माणसांनीं होतें, एवढें त्यांतून दिसतें.

नांदगांवच्या घरांतहि शेवटीं हाच मुद्दा निघाला असें समजूं. गृहस्थांनीं नकाशे, भाव, गाड्यांच्या वेळा यांची वही तयार केली. ती त्यांनीं एका रात्रीं पत्नीस वाचून दाखविली. तिनें सारें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "अहो, समुद्र तुम्हीं पाहिलात. आतां मी विचारतें तेवढें सांगा. उद्यां आपल्या दोघांतलें एकच माणूस मागें राहिलें, तर त्या घरीं त्याला हांक कोण मारील?"

गृहस्थांना उत्तर सुचलें नाहीं. वहींत सर्व रकाने होते, हा नव्हता. किनाऱ्यावरचें एकटें घर दोघांना गोड असतें. एकट्याला तेंच घर रात्रीं खायला उठतें. ज्याला दुचाकी चालवितां येत नाहीं, ज्याला बँकेचें काम कधीं पडलें नाहीं, त्याच्या हातीं तें घर पडलें तर त्याचें काय होईल? घर घेतात दोघें. पण निवड करावयाची ती मागें राहणाऱ्याच्या सोयीनें. ही गोष्ट अशुभ म्हणून बोलण्याचें टाळतात, आणि टाळल्याचा दंड नेमका त्यालाच भरावा लागतो.

हा रकाना घातल्याबरोबर वहीचा सारा हिशेब बदलला. लाटा दिसणारा बंगला गळाला; पेठेंतलें, औषधाच्या दुकानापासून चालत जाण्याजोगें, दोन्ही अंगांस बिऱ्हाडें असलेलें घर वर आलें. समुद्र रिक्षेनें दहा मिनिटांवर असला म्हणून बिघडलें नाहीं. मांडवीच्या किनाऱ्यावर रोज संध्याकाळीं जातां येतें. ठरलें तें असें: नांदगांवचें घर इतक्यांत विकावयाचें नाहीं. रत्नागिरींत मृगापासून दिवाळीपर्यंत भाड्यानें राहून पाहावयाचें. मधले पंधरा दिवस गृहस्थांनीं कामानिमित्त नांदगांवीं यावयाचें आणि पत्नीनें रत्नागिरींत एकटीनें राहावयाचें. दूध कोण देतें, वीज गेली तर कोण विचारतें, डॉक्टर किती वेळांत भेटतो, हें तिनें पाहावयाचें. आणि गृहस्थ परतल्यावर घर घ्यावें कीं न घ्यावें, हें तिनें सांगावयाचें.

ज्या घरांत असा विचार चालला असेल, तेथें वही उघडून आधीं हा एक रकाना भरावा. बाकीचे रकाने मग भराभर भरले जातात.