घराचं नुसतं तोंड

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये एका घराचं नुसतं तोंड उभं आहे. हे घर पॉल पिंडरचं. व्यापारी माणूस, पुढे इस्तंबूलच्या उस्मानी दरबारात इंग्लंडचा राजदूत. १६००च्या सुमारास त्याने बिशप्सगेटला ते बांधलं. भार ओकच्या खांब-तुळयांवर, भिंत म्हणजे फक्त भरणी. आपल्या जुन्या वाड्यांसारखीच. म्हणून समोरची बाजू जवळपास सगळी खिडक्यांची करता आली.

१६६६च्या आगीत लंडनच्या कोटातली बहुतेक लाकडी घरं गेली. हे कोटाबाहेर होतं, वाचलं. नंतर तिथे दारूचा गुत्ता झाला, त्यालाही पिंडरचंच नाव! १८९०मध्ये लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशन वाढवायचं म्हणून घर पाडलं आणि कोरीव दर्शनी भाग म्युझियमला दिला.

मला हा बचाव अर्धाच वाटतो. लोकांना दाखवायचं ते राहिलं. चूल, जिना, बायकांच्या खोल्या गेल्या. आपल्या मोहल्ल्यातली माडीची घरं पाडली जातात तेव्हा आपणही फोटो दरवाजाचाच काढतो. त्याआधी टेप घेऊन आत जा. कोण कुठे झोपायचं, पाणी कुठून यायचं, दादीला विचारा. वहीत काढलेला नकाशाही चालेल, कॅड नंतर बघू.