मुक्कामावरील गॅसची शेगडी

हिमालयातील पदभ्रमणासाठी शेगडी निवडताना प्रथम इंधनाचा स्वभाव ध्यानी घ्यावा. ब्यूटेन शून्य अंशाच्या सुमारास द्रवरूपच राहत असल्याने पहाटेच्या थंडीत त्याची ज्योत मंदावते; प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होत असल्याने बर्फातही नेटाने जळते, परंतु त्याचा दाब ब्यूटेनच्या सुमारे चौपट असल्यामुळे त्यास जाड पोलादी टाकी लागते. यास्तव वाहन पोहोचते तेथील मुक्कामी प्रोपेन, व पाठीवरून नेण्यास दोहोंचे मिश्रण, ही तजवीज श्रेयस्कर. शेगडीचे पाय रुंद असावेत. जोडणीवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येत नाहीत याची खातरजमा केल्यावाचून काडी ओढू नये. तंबूत तर शेगडी मुळीच पेटवू नये, कारण तेथे साचणाऱ्या गंधहीन कार्बन मोनॉक्साइडची चाहूलही निद्रिस्तास लागत नाही.