दुसऱ्या सभागृहाचे काय करावे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पदवीधर मतदारसंघाची मतदार नोंदणी चालू असताना आम्ही काही कार्यकर्ते अर्जांचा गठ्ठा घेऊन एका वस्तीवर गेलो होतो. या मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने करावी लागते, त्यामुळे घरोघर हिंडणे ओघानेच येते. शिक्षक, कारकून, बँकेतील मुले यांचे अर्ज भरून झाले. तेव्हा खुरपणीहून परतलेली एक बाई ओट्याशी थांबली आणि म्हणाली, "मतदानाची यादी करताय ना? मग माझं पण नाव घाला." ही यादी फक्त शिकलेल्यांची आहे, असे तिला समजावून सांगताना माझी जीभ अडखळली. तिने पुन्हा विचारले, "म्हणजे त्यांना दोन मतं आणि मला एक?" या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. आजचे माझे विवेचन हा ते उत्तर शोधण्याचाच प्रयत्न आहे.

वरिष्ठ सभागृह असावे की नसावे, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा ठोकळेबाजपणे मांडला जातो. एक पक्ष म्हणतो, लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहावर दुसरे सभागृह म्हणजे लोकशाहीच्या गळ्यातील लोढणे. दुसरा म्हणतो, ते शहाण्यांचे घर आहे, त्यावाचून कायदे उतावीळपणे होतील. दोन्ही बाजू राज्यसभा आणि विधान परिषद यांना एकाच तराजूत घालतात, हीच मूळ चूक आहे. राज्यसभा हे संघराज्याचे सभागृह आहे. विधान परिषदेला तसा काही आधार नाही. म्हणून या दोहोंचा विचार निरनिराळा करावयास हवा.

प्रथम विधान परिषद. १९३५ च्या कायद्याने १९३७ साली मुंबई प्रांतात ती आली, आणि स्वतंत्र भारताच्या घटनेने राज्यांना ती ठेवण्याची मुभा दिली. महाराष्ट्रात तिचे ७८ सदस्य आहेत. ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य निवडतात, पदवीधर व शिक्षक यांचे प्रत्येकी ७, आणि १२ राज्यपाल नामनियुक्त करतात. या पाचही दारांतून आत कोण येते ते पाहू या.

पदवीधरांचे दार हे उघडउघड विषमतेचे दार आहे. ज्याला महाविद्यालयाची पायरी चढता आली त्याला राज्याच्या विधिमंडळासाठी दोन मते, आणि ज्याच्या घामावर ते महाविद्यालय उभे राहिले त्याला एक. ज्या इंग्लंडकडून आपण ही कल्पना उचलली, त्या देशाने विद्यापीठांच्या जागा आणि त्यांबरोबरचे दुहेरी मत १९४८ च्या कायद्याने रद्द केले. नेमक्या त्याच काळात आपण ते घटनेत लिहीत होतो! त्यातही गंमत अशी की, पदवीधरांचा उमेदवार स्वतः पदवीधर असलाच पाहिजे असे घटना म्हणत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली स्पष्ट केले आहे. म्हणजे विद्वत्तेची अट मतदाराला, प्रतिनिधीला नाही.

शिक्षकांचे दारही तसेच. माध्यमिक दर्जाच्या खाली शिकविणाऱ्याला तेथे मत नाही. खेड्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत चार-चार इयत्ता एका खोलीत सांभाळणारा प्राथमिक शिक्षक घटनेच्या दृष्टीने या मतदारसंघापुरता शिक्षकच नाही.

स्थानिक संस्थांच्या दाराविषयी मी अधिक बोलण्याची गरज नाही. निवडणुकीच्या आधी नगरसेवकांच्या ज्या 'सहली' निघतात त्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. पण त्याहून गंभीर गोष्ट निराळी आहे. २०२२ पासून राज्यातील बहुसंख्य स्थानिक संस्थांच्या निवडणुका लांबत गेल्या, प्रशासकांचा कारभार वर्षानुवर्षे चालला, आणि अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घ्या असा आदेश द्यावा लागला. मतदारच उरले नाहीत म्हणून परिषदेतील या गटाच्या अनेक जागा रिकाम्या राहिल्या. तळाची लोकशाही कोरडी पडली की वरच्या सभागृहाचा झराही आटतो, हा त्याचा धडा.

आणि नामनियुक्तांचे दार? घटनेला तेथे साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतील माणसे अभिप्रेत आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन मंत्रिमंडळाने बारा नावे पाठविली. राज्यपालांनी ती ना मान्य केली, ना परत पाठविली. वाजवी मुदतीत निर्णय व्हावयास हवा, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये म्हटले. तरीही जागा रिकाम्याच राहिल्या. २०२२ मध्ये सरकार बदलले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीची घोषणा होण्याच्या तोंडावर, सात जण घाईने नेमले गेले. कोणत्याही पक्षाचे सरकार असो, या जागांचा उपयोग राजकीय सोय लावण्यासाठीच होत आला आहे. समाजसेवा हा शब्द एवढा ताणला गेला आहे की त्यात आता कोणीही मावतो.

येथे कोणी म्हणेल, मग या सभागृहातून आलेल्या मोठ्या माणसांचे काय? हा आक्षेप मी टाळणार नाही. ज्यांना रोजगार हमी योजनेचे जनक म्हणतात ते वि. स. पागे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे विधान परिषदेचे सभापती होते. १९७२ च्या दुष्काळात ज्या योजनेने लक्षावधी हातांना काम दिले आणि १९७७ साली जिचा कायदा झाला, तिची मुळे या माणसाच्या चिंतनात आहेत. आपले प्रधान मास्तर पुण्याच्या पदवीधर मतदारसंघातूनच परिषदेत गेले आणि तेथे विरोधी पक्षनेते झाले. विधानसभेच्या निवडणुकीतला पैसा आणि जातीची गणिते ज्यांना पेलवली नसती अशी माणसे या दाराने आत गेली, हे खरे आहे. समाजवादी चळवळीने या दाराचा लाभ घेतला आहे, हेही प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

पण म्हणूनच आपली परीक्षा आहे. आपल्याला सोयीची असलेली विषमता ही विषमता नसते काय? पागे यांची थोरवी परिषदेच्या रचनेतून आली नव्हती. ती त्यांच्या गावाच्या मातीतून आणि गांधीविचारातून आली होती. चांगली माणसे मागच्या दाराने आत येतात म्हणून पुढच्या दाराची दुरुस्ती करावयाची नाही, हा युक्तिवाद लोकशाहीवाद्याला शोभत नाही.

आता राज्यसभा. आपल्या चळवळीच्या मनात तिच्याविषयी जुना राग आहे आणि तो निराधार नाही. संस्थानिकांचे तनखे रद्द करणारे विधेयक लोकसभेने १९७० च्या सप्टेंबरात मंजूर केले. राज्यसभेत त्याला १४९ विरुद्ध ७५ मते पडली आणि दोन-तृतीयांशाला एका मताचाही नव्हे, तर एक-तृतीयांश मताचा तुटवडा पडून ते पडले. राजेमहाराजांचे तनखे जावयास १९७१ ची २६ वी घटनादुरुस्ती यावी लागली. पुढे आणीबाणीतील विकृती दूर करण्यासाठी जनता सरकारने घटनादुरुस्ती आणली. राज्यसभेत काँग्रेसचे बहुमत होते आणि तिने त्यातील पाच कलमे गाळली. घटनेच्या मूलभूत गोष्टी बदलताना जनतेचा कौल घ्यावा, हे कलमही त्यांतच गेले. उरले ते १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीच्या रूपाने आले. आणि ज्या १९७६ साली ४२ वी दुरुस्ती झाली, त्या वेळी हे 'विचारी' सभागृह कोठे होते? तेही लोकसभेइतक्याच मुकाटपणे मान डोलावीत होते. दुसरे सभागृह आपोआप स्वातंत्र्याचा पहारेकरी होत नाही, हे आपण स्वतः तुरुंगात जाऊन शिकलो आहोत.

मग राज्यसभाही मोडावी काय? माझे उत्तर नाही, असे आहे. १९८९ मध्ये पंचायत राज्याचे ६४ वे दुरुस्ती विधेयक राज्यसभेत पडले. राज्यांना डावलून दिल्ली थेट गावाशी व्यवहार करू पाहते आहे, हा त्यावरचा मुख्य आक्षेप होता. १९९२ साली ७३ वी दुरुस्ती झाली ती अधिक व्यापक सहमतीने. थांबल्याने गावाचा हक्क बुडाला नाही. राज्यांच्या सूचीतील विषयावर संसदेने कायदा करावयाचा तर २४९ व्या अनुच्छेदाखाली राज्यसभेचा दोन-तृतीयांश ठराव लागतो. हा बांध उद्या फुटला तर राज्ये ही केंद्राची कचेरी होऊन बसतील. लोकसभेच्या जागांचे राज्यवार प्रमाण १९७१ च्या जनगणनेवर गोठविले गेले आणि २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचे वजन केवळ डोकी मोजून घटू लागले, तर त्यांची बाजू मांडणारे दुसरे व्यासपीठ कोणते?

परंतु आजची राज्यसभा हे काम नीट करू शकत नाही, कारण तिचे दात आपणच पाडले आहेत. २००३ साली कायदा बदलून उमेदवाराने त्या राज्याचा रहिवासी असण्याची अट काढली गेली आणि मतदान खुले करण्यात आले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बदल वैध ठरविले. परिणाम असा की, पक्षश्रेष्ठी दिल्लीत बसून कोणालाही कोणत्याही राज्याचा प्रतिनिधी करू शकतात. दुसरा घाव धनविधेयकाचा. धनविधेयकात राज्यसभा केवळ सूचना करू शकते आणि ते धनविधेयक आहे की नाही हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवितात. २०१६ चा आधार कायदा असाच धनविधेयक म्हणून आणला गेला. २०१८ च्या निकालात बहुमताने तो टिकला, पण न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी आपल्या भिन्नमतपत्रात ही पद्धत घटनेशी प्रतारणा करणारी ठरविली.

म्हणून आपल्या पक्षाने चार मागण्या स्पष्टपणे मांडाव्यात, असे मी सुचवितो. पहिली, राज्यसभेसाठी रहिवासाची अट पुन्हा आणावी. दुसरी, धनविधेयकाचा निर्णय एकट्या अध्यक्षांच्या हाती न ठेवता दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे द्यावा. तिसरी, लहान राज्यांना आजच्यापेक्षा अधिक प्रतिनिधित्व द्यावे. उत्तर प्रदेशला ३१ जागा, महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला एक, ही लोकसभेचीच छोटी प्रतिकृती झाली. अमेरिकेप्रमाणे सर्वांना समान जागा द्याव्यात असे मी म्हणत नाही, पण प्रत्येक राज्याला किमान काही जागा असल्याच पाहिजेत. चौथी मागणी विधान परिषदेची. पदवीधर व शिक्षक यांचे विशेष मत रद्द करावे आणि त्या जागा शेतमजूर, असंघटित कामगार, भटके-विमुक्त व ग्रामसभा यांच्या प्रतिनिधित्वाला द्याव्यात. हे होणार नसेल, तर १६९ व्या अनुच्छेदाखाली परिषद विसर्जित करण्याचा ठराव विधानसभेने करावा. पश्चिम बंगालने १९६९ मध्ये आणि तमिळनाडूने १९८६ मध्ये परिषदेला निरोप दिला, त्यांचा कारभार त्यामुळे बुडाला नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. आंध्रात परिषद १९८५ साली गेली, २००७ साली पुन्हा आली, २०२० मध्ये ती मोडण्याचा ठराव झाला आणि २०२१ मध्ये तो मागेही घेतला गेला. बहुमत आपले नसले की परिषद नको आणि आपले झाले की हवी, असा हा खेळ आहे. आपली मागणी अशा हिशेबावर उभी राहू नये. उद्या पदवीधर मतदारसंघातून आपला उमेदवार निवडून येण्याची शक्यता असली तरी आपण हीच मागणी करू, असे म्हणण्याची तयारी असेल तरच ती करावी.

ती तयारी आहे काय, याचा निर्णय शाखाशाखांतून चर्चा करून आपण घ्यावयाचा आहे. माझ्यापुरता मी तो घेतला आहे. पुढच्या नोंदणीला मी जाईन, कारण कायदा आहे तोवर ते रणांगण सोडून चालणार नाही. पण त्या वस्तीवरची बाई पुन्हा भेटली तर तिला एवढे तरी सांगता यावे की, बाई, तुमचा प्रश्न बरोबर होता आणि आमचा पक्ष तो विधिमंडळाच्या दारात घेऊन गेला आहे.