व्यसनाविरुद्धचे युद्ध आणि सामाजिक न्याय



२६ जून या तारखेला महाराष्ट्रात दुहेरी महत्त्व आहे. १८७४ मध्ये याच दिवशी राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला आणि म्हणून राज्यात हा दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून साजरा होतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८७ च्या ठरावानुसार जगभर हाच दिवस अमली पदार्थविरोधी दिन म्हणूनही पाळला जातो. हा योगायोग असला तरी तो विचार करावयास लावणारा आहे. व्यसनात सापडलेला माणूस हा शत्रुपक्षातील समजावयाचा की न्यायाचा हक्कदार नागरिक मानावयाचा, हा प्रश्न या एकाच तारखेने समाजापुढे ठेवला आहे.

‘युद्ध’ हा शब्द या विषयाला चिकटला तो अमेरिकेच्या राजकारणातून. जून १९७१ मध्ये अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी अमली पदार्थांचे व्यसन हा राष्ट्राचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू असल्याचे घोषित केले. युद्धाची भाषा लोकांना जागे करते, यात शंका नाही. परंतु युद्धातील यश जप्त केलेल्या मालावरून आणि पकडलेल्या माणसांच्या संख्येवरून मोजले जाते. बरा होऊन घरी परतलेला तरुण त्या हिशेबात कोठेच येत नाही. शिवाय कठोरपणाची चढाओढ सुरू झाली की सौम्य परंतु उपयुक्त उपाय सुचविणे कोणालाही जड जाते.

भारताचा अनुभवही बोधप्रद आहे. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम १९८५ साली अमलात आला. पुढे काही गुन्हे पुन्हा करणाऱ्यांसाठी त्यात मृत्युदंड सक्तीचा करण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ही सक्ती घटनाबाह्य ठरविली आणि २०१४ च्या दुरुस्तीने ती कायद्यातूनही गेली. त्याआधी २००१ च्या दुरुस्तीने अल्प व व्यापारी प्रमाण असा भेद करून शिक्षेची श्रेणी ठरविली होती. गांजाच्या बाबतीत १ किलोपर्यंतचे प्रमाण अल्प, तर २० किलोंहून अधिक ते व्यापारी मानले जाते. म्हणजे व्यापारी वेगळा आणि व्यसनी वेगळा, हे तत्त्व कायद्यानेच स्वीकारले आहे.

याच कायद्याचे कलम ६४-अ फारसे कोणाला ठाऊक नसते. सेवनाचा अथवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने शासकीय वा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेईल, तर त्याला त्या आरोपाच्या खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. कलम ३९ अन्वये न्यायालय काही प्रकरणांत शिक्षेऐवजी उपचारासाठी मुक्तता करू शकते.

या युद्धाचा ठसा संस्कृतीवरही उमटला आहे. भांगेचे पान आणि गांजाचे शेंडे एकाच झाडाचे. परंतु १९८५ च्या कायद्याने शेंडे निषिद्ध ठरविले आणि नुसते पान आपल्या कक्षेबाहेर ठेवले. १९८० च्या दशकात मुंबईत ‘गर्द’ पसरला आणि मराठीला ‘गर्दुल्ला’ हा शब्द मिळाला. आजाऱ्याचे नाव शिवी बनले की त्याचे कुटुंब आजार लपविते आणि उपचाराची वेळ निघून जाते. त्याच काळात, १९८६ मध्ये, डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या साहाय्याने पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. व्यसन हा आजार आहे आणि त्यातून माणूस उठतो, हे त्या संस्थेने मराठी समाजाला दाखवून दिले.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यालाही या प्रश्नाची झळ पोहोचली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय महसूल गुप्तवार्ता यंत्रणेने शहरात आणि पैठणच्या औद्योगिक वसाहतीत छापे घालून कोकेन, मेफेड्रोन व केटामाइनचे साठे पकडले. त्यांची किंमत २५० कोटी रुपयांहून अधिक सांगण्यात आली. अशा व्यापाराला कठोर शासनच हवे. परंतु शहराच्या वस्त्यांत मुलांच्या हाती पडते ती ‘बटण’ नावाने ओळखली जाणारी झोपेची गोळी. नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम ही मुळात रुग्णांसाठीची औषधे. ही गोळी सीमा ओलांडून येत नाही. औषधांच्या व्यवहारातूनच ती आडवाटेला लागते. ही औषधे २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. ती विकताना डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण यांची स्वतंत्र नोंद करून ती वही ३ वर्षे जपणे दुकानदाराला बंधनकारक आहे. ही वही वेळच्या वेळी तपासली गेली, तर अनेक मुलांची पहिली गोळीच चुकेल.

म्हणून प्रत्येकाचे काम निश्चित आहे. जिल्हा समन्वय समितीच्या बैठकीत जप्तीच्या आकड्यांबरोबर उपचारास पाठविलेल्यांचा आकडाही मांडला जावा. वर्गात पेंगणारा, एकाएकी चिडणारा, वारंवार गैरहजर राहणारा विद्यार्थी दिसताच शिक्षकांनी शाळेतून नाव काढण्याची घाई न करता पालकांना विश्वासात घ्यावे. पंचायत सदस्यांनी विक्रेत्यांची माहिती पोलिसांना द्यावी. मात्र व्यसनी मुलाचे नाव ग्रामसभेत उच्चारू नये. त्याच्या आईवडिलांना आरोग्य केंद्राची वाट दाखवावी आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक द्यावा.

विक्रेत्याला जरब आणि व्यसनीला आधार, या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात आहेत. पहिलीसाठी पोलिसांचे बळ लागते. दुसरीसाठी गावात असा एक तरी माणूस लागतो, ज्याच्याकडे मुलाची आई न लाजता जाऊ शकेल. तो माणूस शिक्षक असेल, ग्रामसेवक असेल किंवा पंचायतीचा सदस्य असेल. परंतु तो असलाच पाहिजे.