इओआने पेत्रित्सी : टिकलेल्या कीर्तीचे कारण



ज्याच्या विचारांसाठी आपण इथे जमलो आहोत, त्या इओआने पेत्रित्सीच्या जन्ममृत्यूच्या सनांवरही अभ्यासकांचे एकमत नाही. अकराव्या-बाराव्या शतकांतल्या या जॉर्जियन पंडिताने नवप्लेटोवादी तत्त्वज्ञ प्रोक्लसच्या ‘ईश्वरविद्येची मूलतत्त्वे’ या ग्रीक ग्रंथाचा आपल्या भाषेत अनुवाद केला आणि एकेक विधान घेऊन त्यावर भाष्य लिहिले. त्याचे नाव आजवर टिकले ते राजाश्रयामुळे, असे मला वाटत नाही. जॉर्जियाच्या दाविद राजाने 1106 मध्ये स्थापलेल्या गेलाती मठाशी परंपरा त्याला जोडते खरी. पण तो मठ 1510 मध्ये उस्मानी सैन्याने जाळला, भाष्य मात्र उरले. ते उरले, कारण त्याची गरज असलेले वाचक पिढ्यान्‌पिढ्या भेटत गेले. 1248 मध्ये सिमेओन नावाच्या धर्मगुरूने ते आर्मेनियन भाषेत नेले. पश्चिम युरोपला प्रोक्लसचा हा ग्रंथ लॅटिनमध्ये मिळाला 1268 साली, म्हणजे त्यानंतर वीस वर्षांनी!

यावर कोणी म्हणेल, ही कीर्ती विसाव्या शतकातल्या राष्ट्राभिमानाने घडवली. 1937 आणि 1940 मध्ये तिबिलिसीत त्याचे ग्रंथ छापले गेले, त्यामागे अभिमान होताच. पण अठराव्या शतकात जॉर्जियन चर्चचे प्रमुख (कॅथोलिकोस) अंतोनी पहिले यांनी आपल्या तात्त्विक लेखनात त्याचाच आधार घेतला होता, आणि आर्मेनियन अनुवादकाला जॉर्जियन अभिमानाचे काय अगत्य? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : पेत्रित्सी केवळ भाष्यकार होता. पण भाष्यकाराला तत्त्वज्ञ मानायला आपली परंपरा तरी कधी कचरलेली नाही. शिवाय त्याने घेतलेली भूमिका पाहा. कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये 1082 साली तत्त्वज्ञ जॉन इटालोसचे विचार धर्मबाह्य ठरवले गेले. पुढे बाराव्या शतकात मेथोनीचा बिशप निकोलस याने प्रोक्लसच्या याच ग्रंथाचे खंडन लिहिले. त्याच ख्रिस्ती जगात पेत्रित्सी मात्र प्रोक्लसला आदराने उलगडून दाखवतो. भाष्याच्या उपसंहारात तर ख्रिस्ती त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) समजावताना तो संगीतातले मझाख्र, झिर आणि बाम हे तीन स्वर घेतो : वेगळे राहूनही एकच मेळ साधणारे. हे निव्वळ अनुवादकाचे काम नव्हे.

या भूमिकेशी आपला मतभेद असेल, तर तो पुढच्या सत्रांत मोकळेपणाने मांडावा. स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो आणि माननीय अध्यक्षांना परिषदेची सूत्रे स्वीकारण्याची विनंती करतो.