सदाफुलीला जरा विसरा



सांगलीत नदीजवळ आमचं घर. अंगणात काळी माती, नळाला पाणी आणि माझ्या हाताला सारखं पाणी घालायची खोड. मी लावलेल्या बाराच्या बारा सदाफुल्या श्रावणातच गेल्या. पानं पिवळी पडली, मला वाटलं तहानल्यात. आणखी एकेक तांब्या ओतला. खोड जमिनीलगत काळं, मऊ पडलं. ओढलं तर रोप हातात आलं, मुळं खालीच राहिली.

राखीपौर्णिमेला आटपाडीची नणंद आली. बघून म्हणाली, "वैनी, तिला जरा इसरा की!"

तिच्या दारात नुसता मुरूम. महाबळेश्वरात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणला आणि शेजारच्या आटपाडीला पाचशेच्या आसपास मिळाला तरी पुष्कळ. तिथं दिवसभराच्या उन्हात, भांडी विसळलेल्या पाण्यावर सदाफुली बारा महिने फुललेली. दारात शेळ्या मोकळ्या, पण पानाला तोंड लावत नाहीत. कडू, आणि विषारी.

म्हणून मधुमेहावर पानं चघळणाऱ्यांना हात जोडून सांगते, नको. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी साखरेसाठीच ही पानं तपासली. साखर उतरली नाही, उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातून १९५८ साली विनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध हाती आलं. ते डॉक्टरांनीच द्यायचं. अंगणातलं पान म्हणजे औषधाची गोळी नव्हे.

मूळची मादागास्करची ही बाई आपल्याकडे माहेरी आल्यासारखी राहते. काळ्या मातीत लावायची तर गादीवाफा करा, निम्मा मुरूम मिसळा. तिळाहून बारीक काळं बी अंधारात रुजतं, तेव्हा वर मातीचा पातळ थर हवाच. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, फांद्या फुटतात. दुपारी पानांनी माना टाकल्या तर घाबरू नका, संध्याकाळी सावरतात. सकाळीही मलूल दिसली तरच पाणी.

पुढं नणंदेनं काडेपेटीतून बी धाडलं. ते मी अंगणात टाकलंच नाही, गच्चीच्या जिन्यात वरच्या पायरीच्या फटीत टाकलं. आता तिथं गुलाबी फुलं आहेत, प्रत्येकाच्या मधोमध कुंकवाएवढा लाल ठिपका. माझे गुडघे दुखतात, तांब्या घेऊन तेवढं चढवत नाही. झाडाचं बरं चाललंय.